कॅप्टन परत वर का गेले? 'खुखरी'ची गोष्ट

मी रत्नागिरीहून बोलतेय. आज भाट्याच्या बाजूने वारा जरा जास्तच आहे, तेव्हा मध्येच खिडकी वाजली तर समजून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहूनही ठेवलाय. बोललेलं जसंच्या तसं आहे, फक्त माझं अडखळणं काढून टाकलंय.

४ डिसेंबर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? नौसेना दिन. २०२३ साली तो आपल्या कोकणात, मालवणला साजरा झाला. सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर युद्धनौका, वरून विमानं, आणि तुमच्या सगळ्यांच्या स्टेटसला तेच व्हिडिओ. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला, त्याची ही आठवण. तो जिंकलेला दिवस आहे, साजरा व्हायलाच हवा.

पण त्याच्यानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला जे झालं, त्याचं स्टेटस कोणी ठेवत नाही. त्या रात्री दीवच्या समुद्रात 'आयएनएस खुखरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ माणसं गेली. स्वातंत्र्यानंतर युद्धात शत्रूने बुडवलेली आपली ही एकमेव युद्धनौका.

हा विषय आत्ता का?

मागच्या महिन्यात गुहागरकडच्या एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला. त्याचा मोठा भाऊ अग्निवीर म्हणून नौदलात भरती झालाय, ओडिशात आयएनएस चिल्काला ट्रेनिंगला गेलाय. घरच्या ग्रुपवर कोणीतरी खुखरीच्या कॅप्टनचा फॉरवर्ड टाकला. तुम्हीही पाहिला असेल: जहाज बुडतंय, कॅप्टन खुर्चीत शांत बसलेत, हातात सिगरेट, आणि खाली देशभक्तीच्या दोन ओळी. त्या मुलाने विचारलं, "ताई, हे खरंय का? आणि खरं असेल तर कॅप्टन उतरले का नाहीत? वाचता येत असताना मरायचं, ह्याला शौर्य म्हणायचं का? माझ्या भावाला हेच शिकवणार का?"

मला हा प्रश्न आवडला. त्यात उद्धटपणा नव्हता, काळजी होती. आणि 'असं विचारू नये' म्हणून गप्प बसवण्यासारखा तर तो अजिबातच नाही. म्हणून म्हटलं, नीट वेळ घेऊन सांगूया.

आधी आपल्या किनाऱ्याबद्दल

थोडं मागे जाऊ. रत्नागिरी आणि नौदल यांचं नातं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जुनं आहे. इंग्रजांच्या काळात रॉयल इंडियन मरीन आणि पुढे रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी म्हणून जी माणसं घेतली जायची, ती मोठ्या संख्येने आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली असायची. त्यातही कोकणी मुसलमान घरांतली खूप. आणि तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यातच. तो वेगळा झाला १९८१ साली.

दुसऱ्या महायुद्धात या छोट्या नौदलाने जहाजं गमावली. 'इंडस' नावाची त्यांची एक युद्धनौका ६ एप्रिल १९४२ ला ब्रह्मदेशात अक्याबला जपानी विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडाली. योगायोग बघा, ज्या ब्रह्मदेशाच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी कैद करून आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, त्याच देशाच्या किनाऱ्यावर ही नौका बुडाली. थिबा पॅलेसला सहलीला आपण सगळे गेलोय. 'इंडस'चं नाव मात्र आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

हे सांगायचं कारण एवढंच, की जहाज बुडाल्याची बातमी दिल्लीत पोचते, मुंबईत पोचते, आणि शेवटी ती किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीत, एखाद्या घराच्या पडवीत येऊन थांबते. खुखरीची गोष्ट ऐकताना ती पडवी डोळ्यांसमोर ठेवा.

विनाशिका की फ्रिगेट?

एक तांत्रिक गोष्ट आधी मिटवून टाकूया, कारण कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच. खुखरी विनाशिका नव्हती, फ्रिगेट होती. विनाशिका म्हणजे डिस्ट्रॉयर, मोठी आणि जास्त तोफा असलेली. खुखरी त्यामानाने लहान. ब्रिटनमध्ये बांधलेली, १९५० च्या दशकातली. तिच्या दोन बहिणी होत्या, 'किरपाण' आणि 'कुठार'. तिघींची नावं शस्त्रांची. आणि तिघींचं मुख्य काम एकच: पाणबुड्या शोधायच्या आणि मारायच्या. मोठ्या तोफा नाहीत, विमानांसाठी थोड्या लहान तोफा, आणि मागच्या बाजूला पाण्यात स्फोटकं फेकणारी दोन यंत्रं. त्यांचा पल्ला साधारण एक किलोमीटरच्या आतबाहेर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरी विनाशिका बुडाली ती समोरच्यांची. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्र नौका कराचीजवळ पोचल्या. 'निर्घात'ने सोडलेल्या क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडाली. खैबरवरच्या लोकांना शेवटपर्यंत वाटत होतं की विमानाने हल्ला केलाय. अंधारात आकाशातून एक उजेड येताना दिसला, त्यावर त्यांनी विमानविरोधी तोफा डागल्या. क्षेपणास्त्र ही गोष्टच इतकी नवी होती. खैबरबरोबर दोनशेहून जास्त माणसं गेली.

आपण ४ डिसेंबर साजरा करतो तेव्हा हा आकडाही माहीत असलेला बरा. त्याने आपला विजय लहान होत नाही. समुद्रात बुडणं म्हणजे काय, ते दोन्हीकडच्या घरांना त्या एका आठवड्यात कळलं, इतकंच.

'हँगोर'च्या शोधात

पाकिस्तानकडे तेव्हा फ्रान्समध्ये बांधलेल्या नव्या पाणबुड्या होत्या. त्यातली एक, 'हँगोर', युद्ध सुरू व्हायच्या आधीच आपल्या किनाऱ्याजवळ येऊन दबा धरून बसली होती. तिचे कमांडर होते अहमद तसनीम. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने पाठवलेले रेडिओ संदेश आपल्या केंद्रांनी पकडले. काय बोलली हे कळलं नाही तरी कुठून बोलली, याचा अंदाज येतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत, दीवच्या आसपास.

आता तिला शोधायला कोण जाणार? अर्थातच पाणबुडीविरोधी फ्रिगेट. तिघी बहिणींपैकी 'कुठार'च्या बॉयलर रूममध्ये स्फोट होऊन ती आधीच निकामी झाली होती, तिला ओढत मुंबईला आणावं लागलं होतं. राहिल्या दोघी. ८ डिसेंबरला 'खुखरी' आणि 'किरपाण' मुंबईहून निघाल्या. खुखरीवर होते कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. वय ४५, मूळचे उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरचे. या फ्रिगेटच्या तुकडीचे प्रमुखही तेच.

मंडळी, पाणबुडी शोधणं म्हणजे काय असतं, ते जरा समजून घेऊ. कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

पाण्याखाली उजेड जात नाही, रडार चालत नाही. उरतो फक्त आवाज. जहाज पाण्यात आवाजाचा एक ठोका सोडतं, तो पाणबुडीवर आपटून परत आला की कळतं, अमुक दिशेला, अमुक अंतरावर काहीतरी आहे. याला सोनार म्हणतात. पण यात एक गोम आहे. जहाजाचा ठोका जाऊन परत यावा लागतो, म्हणजे दुप्पट अंतर. पाणबुडीला तो नुसता ऐकायचा असतो, एकाच बाजूने. काळोख्या रात्री तुम्ही पाणंदीतून टॉर्च घेऊन चाललात तर तुम्हाला दहा पावलांवरचं दिसेल, पण तुमचा टॉर्च मात्र पलीकडच्या डोंगरावरून दिसतो. तसंच हे.

त्यात आपला अरबी समुद्र. वरचं पाणी कोमट, खाली गेलं की थंड. आवाज सरळ जात नाही, थंड पाण्याकडे वाकतो. म्हणजे जहाजाने आडवा सोडलेला ठोका थोड्या अंतरावर खाली वळतो, आणि त्याच्या पलीकडे एक सावली तयार होते. त्या सावलीत पाणबुडी असली तर जहाजाला पत्ताही लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट. जहाज जोरात चाललं की त्याच्या स्वतःच्या पंख्याचा, इंजिनाचा, पाण्याचा इतका आवाज होतो की सोनारला काही ऐकूच येत नाही. मिरकरवाड्यातल्या कोणालाही विचारा, लांबची हाक ऐकायची असेल तर आधी मशीन बंद करतात.

सावकाश चालायचं की जोरात?

इथे मुल्लांपुढचा पेच येतो.

पाणबुडीच्या भागात जहाजाने कसं चालावं याचा साधा नियम आहे: जोरात चाला, आणि नागमोडी चाला. म्हणजे नेम धरता येत नाही. खुखरी ताशी २७ नॉटच्या आसपास जाऊ शकत होती, म्हणजे पन्नास किलोमीटर. पण जोरात चाललं तर ऐकू येत नाही, आणि ती तर ऐकायलाच गेली होती.

शिवाय खुखरीवर एक नवं उपकरण होतं. लेफ्टनंट व्ही. के. जैन या तरुण अधिकाऱ्याने मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने ते तयार केलं होतं. जुन्या सोनारला जरा लांबचं ऐकू यावं, यासाठी. आपल्या सोनारचा पल्ला कमी पडतोय हे नौदलाला माहीत होतं, आणि त्यावर घरचाच उपाय शोधायचा हा प्रयत्न होता. जैन स्वतः जहाजावर होते. पण ते उपकरण नीट चालायला जहाजाने सावकाश जाणं भाग होतं. त्या संध्याकाळी खुखरी १२ नॉटच्या आसपास चालली होती. म्हणजे ताशी बावीस किलोमीटर.

आज मोबाईलवर बसून म्हणणं सोपं आहे की चूक केली. मला तसं म्हणवत नाही, आणि 'चूक काढायचीच नाही' असंही म्हणवत नाही. कानावर भरवसा ठेवून पाय आखडते घेतले, आणि समोरच्याचे कान जास्त तीक्ष्ण निघाले. त्या रात्रीचं सार माझ्या मते हे आहे. जवळच्या शस्त्राचा पल्ला एक किलोमीटर, आणि समोरून येणारा टॉर्पेडो त्याच्या कितीतरी पट लांबून सुटणारा. सामना बरोबरीचा नव्हता, आणि हे ठाऊक असूनही जायचं होतं, कारण ती पाणबुडी तिथेच मोकळी सोडली असती तर मुंबईच्या वाटेवरचं प्रत्येक जहाज तिच्या टप्प्यात आलं असतं.

९ डिसेंबरची रात्र

हँगोरने ९ तारखेला सकाळीच या दोन जहाजांची चाहूल घेतली होती. पाण्याखालून तिचा वेग कमी, म्हणून सुरुवातीला तिला गाठता येईना. मग तिने त्यांची शोध घेण्याची पद्धत हेरली, कुठून कुठे वळतात ते पाहिलं, आणि त्यांच्या वाटेत पुढे जाऊन थांबली. संध्याकाळी अंधार पडल्यावर ती खोल गेली आणि वाट बघत राहिली.

रात्री पावणेनऊ-नऊच्या सुमाराला तिने पहिला टॉर्पेडो 'किरपाण'वर सोडला. तो खालून निघून गेला, फुटलाच नाही. दुसरा सोडला खुखरीवर. हे टॉर्पेडो आवाजाच्या रोखाने लक्ष्य शोधत जातात. तो खुखरीच्या तळाशी जाऊन फुटला.

पुढे काही मिनिटंच होती. मिनिटं. आपण गाडी पार्क करून हेल्मेट काढेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात दिवे गेले, जहाज कललं, आणि बुडायला लागलं.

आमच्या आळीत एक काका राहतात. नौदलातून निवृत्त झालेले, इंजिन रूममध्ये होते. खुखरीच्या बऱ्याच नंतरच्या काळातले. मी त्यांना विचारलं, "काका, काही मिनिटांत खालच्या माणसाला वर येता येतं का?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिवा असेल, जिना सरळ असेल आणि पुढे गर्दी नसेल तर येतो. टॉर्पेडो लागल्यावर यातलं एकही नसतं." नंतर म्हणाले, "वर ब्रिजवर काय चाललंय ते खालच्याला कधीच दिसत नाही गं. त्याला फक्त हुकूम ऐकू येतो. म्हणून खालचा माणूस वरच्यावर सगळं सोपवून काम करतो."

हे वाक्य मी लिहून ठेवलं. गुहागरच्या त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्यात मिळालं.

कॅप्टन मुल्ला काय करत होते?

आता फॉरवर्डकडे येऊ.

वाचलेल्या लोकांनी सांगितलेल्या आठवणी आहेत. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी त्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलंय. कार्डोझो स्वतः १९७१ च्या युद्धात पाय गमावलेले सैनिक आहेत. त्या आठवणींमध्ये मुल्लांचं शेवटचं दर्शन आहेच: ब्रिजवर, जहाजासोबत खाली जाताना. सिगरेटचाही उल्लेख येतो. पण फॉरवर्ड तेवढंच चित्र उचलतं आणि त्याच्या आधीची मिनिटं गाळून टाकतं.

मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्याच्या मानपत्रात जे नोंदलंय ते माझ्या शब्दांत सांगते. जहाज सोडायचा हुकूम त्यांनी दिला. स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं. जमेल तेवढ्या माणसांना बाहेर काढलं. आणि मग ते ब्रिजकडे परत गेले, आणखी कोणाला वाचवता येईल का ते बघायला. त्यातच ते जहाजाबरोबर गेले.

परत गेले, बघायला. मंडळी, माझ्यासाठी सगळी गोष्ट इथे आहे.

कॅप्टनने जहाजाबरोबर मरावं, असा नौदलाचा नियम नाही. तो सिनेमातून, जुन्या गोष्टींतून आपल्या डोक्यात बसलेला समज आहे. परंपरा आहे ती वेगळी: कॅप्टनने शेवटी उतरावं. आता खुखरीवरची माणसं किती होती, आठवा. १९४ गेली, ६७ वाचली. म्हणजे २६१. त्यातली कितीतरी खाली अडकलेली. ज्या जहाजावर 'शेवटचा माणूस' अजून खालीच आहे, तिथे शेवटी उतरणाऱ्याची पाळी येणार तरी कधी? मुल्ला मरायला थांबले असं मला वाटत नाही. त्यांचं काम संपलं नव्हतं, आणि जहाजाने वेळ दिला नाही.

आपल्याकडे मच्छीमार होडीवर तांडेल असतो ना, तसंच आहे हे. वादळात होडी फुटली तर तांडेल आधी माणसं मोजतो. आज रत्नागिरीच्या बोटींवर कितीतरी खलाशी नेपाळचे आहेत, डोंगरातून आलेले. पण मोजायला त्याला खलाशी कुठल्या गावचा ते विचारावं लागत नाही. मोजणी पुरी झाली नाही तर तो कडेला उतरला तरी उतरलेला नसतो.

म्हणून त्या मुलाला माझं उत्तर असं आहे: तुझ्या भावाला मरायला शिकवणार नाहीत. पोहायला शिकवतील, लाइफ जॅकेट अंधारात कसं घालायचं ते शिकवतील, आग कशी विझवायची, पाणी शिरलं तर दार कसं बंद करायचं ते शिकवतील. आणि हेही शिकवतील, की वरच्या माणसावर खालचे विसंबून असतात. तो कधी वरचा झालाच, तर त्याला ते आठवावं लागेल.

'किरपाण' थांबली का नाही?

आणखी एक प्रश्न नेहमी येतो, आणि तो कडवट आहे. बरोबरचं जहाज, किरपाण, लगेच मदतीला का थांबलं नाही? किरपाण तिथून दूर गेली, आणि पाण्यात पडलेल्या माणसांनी रात्र समुद्रातच काढली. दुसऱ्या दिवशी 'कचाल' या जहाजाने त्यांना उचललं. डिसेंबरची रात्र, सगळीकडे तेल, आणि शेजारचा माणूस हळूहळू बोलायचा थांबलेला. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांना राग आला, त्यांनी प्रश्न विचारले. विचारायचा त्यांचा हक्क आहे.

दुसरी बाजूही सांगते. पहिल्या महायुद्धात, २२ सप्टेंबर १९१४ ला, 'अबूकिर', 'होग' आणि 'क्रेसी' ही तीन ब्रिटिश जहाजं एकत्र चालली होती. एका जर्मन पाणबुडीने अबूकिर बुडवलं. उरलेली दोन तिच्या माणसांना उचलायला थांबली. पाणबुडीने ती दोन्ही बुडवली. एका सकाळी चौदाशेहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून जगभरच्या नौदलांत हा धडा आहे: पाणबुडी जवळ असताना थांबलेलं जहाज म्हणजे पुढचं लक्ष्य. किरपाणवरही काही दीडशे-दोनशे आया वाट बघत होत्या.

कोण बरोबर, हे मी इथे खुर्चीत बसून ठरवणार नाही. युद्धातले काही निर्णय असे असतात, की कसाही घेतला तरी कोणाच्या तरी घरी अंधार होतो. एवढं मात्र म्हणेन, की गौरवाच्या गोष्टीत असे प्रश्न दडपले की ते संपत नाहीत. मागे राहिलेल्या माणसांच्या घशात अडकून राहतात.

त्यानंतर

हँगोरला शोधायला पुढचे चार दिवस मोठी मोहीम चालली. जहाजं, विमानं, पाण्यात सोडलेली स्फोटकं. पण ती निसटली आणि कराचीला पोचली. आज ती कराचीच्या संग्रहालयात उभी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची जगातली ती पहिली घटना होती. दुसरी झाली १९८२ साली, फॉकलंडच्या युद्धात, अर्जेंटिनाची 'जनरल बेलग्रानो'.

आपल्या नौदलाने खुखरीचं नाव पुन्हा पाण्यात उतरवलं. नवी 'खुखरी' आपल्याच मुंबईत, माझगाव डॉकमध्ये बांधली गेली आणि १९८९ साली नौदलात दाखल झाली. बत्तीस वर्षं चालली, २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली, आणि आता ती दीवला संग्रहालय म्हणून आहे. दीवला समुद्राकडे तोंड करून खुखरीचं स्मारकही आहे, काचेच्या आत ठेवलेली तिची लहानशी प्रतिकृती. दीवला लोक वेगळ्याच कारणासाठी जातात, तुम्हाला माहितीच आहे. गेलात कधी तर अर्धा तास तिकडे काढा.

आता एक काम सांगते, आणि संपवते. मुल्लांचं नाव आपल्याला माहीत आहे. जैनांचं आज कळलं. उरलेली १९२ नावं? दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावं दगडावर कोरलेली आहेत, खुखरीवरची माणसंही त्यांच्यात आहेत. दिल्लीला गेलात तर ती भिंत शोधा. एखादं आडनाव ओळखीचं वाटेल. नाहीच वाटलं, तरी कोणाच्या तरी वाडीत ते ओळखीचं आहेच. कुक, स्टोकर, सिग्नलवाला, इलेक्ट्रिशियन. ज्यांनी ब्रिज पाहिलाच नाही, फक्त हुकूम ऐकला आणि आपल्या जागेवर उभे राहिले.

एक नाव मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नको, मोठ्याने. आणि येत्या डिसेंबरात ४ तारखेला स्टेटस ठेवाल, तेव्हा ९ तारखेसाठीही एक जागा ठेवा. फोटो नसला तरी चालेल, एक नाव पुरे.

गुहागरच्या मित्रा, तुझ्या भावाला सुट्टी मिळाली की त्याला हा भाग ऐकव. तो काय म्हणतो ते मला नक्की कळव.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.